आधी… आणि मग

सकाळचे सव्वासात. डोंबिवलीतल्या आमच्या घरात, बाथरूमच्या भिंतीवर, फरशीपासून साधारण तीन फुटांवर एक पट्टी चिकटवली आहे. तिच्यावर सात निळे थेंब, लॅमिनेट केलेले, मागे वेल्क्रो. माझा सात वर्षांचा मुलगा मगभर पाणी अंगावर घेतो, एक थेंब उपटतो आणि खालच्या डब्यात टाकतो. वेल्क्रोचा ‘चर्र’ आवाज त्याला फार आवडतो. सातवा थेंब डब्यात पडला की तो आपणहून टॉवेलकडे हात करतो. आंघोळ संपली.

दोन वर्षांपूर्वी हीच आंघोळ म्हणजे शेजाऱ्यांनी दार वाजवावं इतका आकांत असायचा. त्याला पाण्याची भीती वाटते, असं आम्ही धरून चाललो होतो. अडचण निराळीच होती. हे कधी संपणार, ते त्याला कळत नव्हतं. ‘झालं हं, एवढंच,’ असं मी दहा वेळा म्हणायचे आणि अकराव्यांदा पाणी ओतायचे.

मुलगा स्वमग्न आहे. त्याचे स्वतःचे शब्द मोजके. आपण बोललेलं वाक्य त्याला अर्थ लागायच्या आत विरून जातं. कागदावरचं चित्र मात्र त्याला हवं तितका वेळ तिथेच थांबतं.

हे मला उशिरा उमगलं. सुरुवात केली ती हौसेने. रात्री जागून इंटरनेटवरून चाळीसेक पानं उतरवली, झेरॉक्सवाल्या काकांकडून रंगीत छापून आणली. सावल्या जुळवा, रंग जुळवा, ठिपके जोडा. त्याने ती पटापट केली. सावल्या ओळखण्यात तर तो माझ्याहून तरबेज निघाला. घरात मात्र काहीच बदललं नाही. दिनक्रमाच्या पानांवरचा मुलगा टबात बसून आंघोळ करत होता, टोस्ट खात होता, पिवळ्या बसने शाळेत जात होता. आमच्याकडे बादली, गूळपोळी आणि रिक्षा. त्या चित्रातल्या मुलाचा आपल्याशी काही संबंध आहे, हे त्याने कशावरून ओळखावं?

थेरपीच्या ताईंनी ती पानं चाळली आणि बाजूला ठेवली. ‘पहिली पायरी खरी वस्तू. मग तिचा फोटो, मग रेघांचं चित्र, शब्द सगळ्यात शेवटी. तुम्ही एकदम तिसरीवर चढलात.’ त्यांनी आमच्याच स्टीलच्या चमच्याचा फोटो काढायला लावला. मुलाच्या हातात खरा चमचा द्यायचा, त्याने तो फोटोवर ठेवायचा. पहिल्या फोटोत मागे ओट्यावरच्या कढईचा कान आला होता; तो चमचा सोडून त्या कानावरच बोट ठेवून बसला. मग पांढरी चादर अंथरून मी घरातल्या वस्तूंचे एकेक करून फोटो काढले. वाटी, दप्तर, चप्पल, आजीचा चष्मासुद्धा.

मग आला ‘आधी–मग’ फळा. दोनच चौकोन: डावीकडे करायचं काम, उजवीकडे त्यानंतरची आवडीची गोष्ट. मी ब्रशच्या फोटोवर बोट ठेवलं, ‘आधी ब्रश.’ झोक्यावर बोट न्यायच्या आत म्हणाले, ‘मग…’ तो उठला, बाथरूममध्ये गेला आणि निळा प्लॅस्टिकचा मग घेऊन आला. सासूबाई हसून म्हणाल्या, ‘बरोबरच आहे त्याचं. तूच मग मग करत बसली होतीस.’ त्या संध्याकाळी मी उजव्या चौकोनावर ‘नंतर’ लिहिलं.

या कामाची आपली एक कारागिरी आहे, आणि ती चुकतमाकतच हाताला बसते. साधा कागद दोन दिवसांत चुरगळतो, म्हणून १२५ मायक्रॉनचं लॅमिनेशन. कार्ड आधी कापायचं, मग लॅमिनेट करायचं, मग भोवती तीन-चार मिलिमीटर कडा सोडून पुन्हा कापायचं. कडा सोडली नाही तर बाथरूमचं पाणी आत शिरतं. कोपरे गोल, नाहीतर बोचतात. माझी पहिली कार्डं चकचकीत होती. तो ती ट्यूबलाइटखाली तिरकी धरून उजेडाची तिरीप भिंतीवर नाचवायचा. चित्र राहायचं बाजूला. तेव्हापासून मॅट.

ही काही आमच्या घरातली शोधबुद्धी नव्हे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामध्ये एरिक शॉपलर यांच्या पुढाकाराने १९७२मध्ये ‘टीच’ हा कार्यक्रम राज्यभर उभा राहिला. काय करायचं, किती करायचं, संपलं हे कसं ओळखायचं, ते मुलाला डोळ्यांनी दिसावं, हे त्यातलं सूत्र. आमचा थेंबांचा डबा त्याच वळणाचा. पुढे १९८५मध्ये डेलावेअर राज्यात अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी ‘पेक्स’ ही पद्धत मांडली. तिच्यात मूल चित्र उचलून समोरच्याच्या हातात देतं आणि हवी ती वस्तू मिळवतं. पहिल्या वाटेने आपलं म्हणणं मुलापर्यंत पोचतं, दुसरीने मुलाचं आपल्यापर्यंत. आम्ही कित्येक महिने पहिल्याच वाटेवर चालत होतो.

एका रविवारी त्याने फळ्यावरची सगळी कार्डं उपटून सोफ्याखाली सारली. मी चिडले. त्याचे बाबा ती गोळा करताना म्हणाले, ‘यातलं एक तरी कार्ड त्याचं आहे का गं?’ मी पाहिलं. ब्रश, आंघोळ, अभ्यास, जेवण, झोप. सगळे हुकूम, फक्त रंगीत.

त्याच दिवशी तीन नवी कार्डं झाली: ‘नको’, ‘थांब’, ‘दुखतंय’. ‘नको’वर त्याच्याच पंजाचा फोटो. केस विंचरताना त्याने ते माझ्या हातात दिलं आणि मी कंगवा खाली ठेवला. तो बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिला. पुढचे काही दिवस ‘नको’ची बरसात झाली, अगदी आवडत्या शिऱ्यालासुद्धा. ताई म्हणाल्या, ‘तपासून बघतोय. माना.’ औषधाला मात्र नकार चालत नाही. तिथे मी कार्ड हातात घेते, ‘नको म्हणतोस, कळलं,’ असं म्हणते, आणि चमच्याने की वाटीने, एवढी निवड त्याच्यावर सोडते.

गेल्या गणपतीत आरतीला घर भरलं होतं. झांजा सुरू झाल्या तसा तो कानांवर हात ठेवून कोपऱ्यात सरकला. पूर्वी अशा वेळी तो स्वतःच्या मनगटाला चावायचा. या वेळी माणसांतून वाट काढत आजीपाशी गेला आणि तिच्या हातात ‘नको’ ठेवलं. सासूबाईंनी क्षणभर कार्डाकडे पाहिलं, झांजा पाटावर ठेवल्या आणि टाळ्यांनी आरती पुढे नेली.

चित्रांनी स्वमग्नता जात नाही; तो आजारही नव्हे. प्रवासात फळा घरी राहतो, कधी रिक्षा येत नाही आणि दिवस कोलमडतो. काही कार्डांची मात्र गरज सरली आहे. दात घासायच्या पट्टीवर सहा फोटो होते, आता दोन आहेत. ‘मोठेपणीही ही चित्रं लागणार का?’ असं नातेवाईक विचारतात. मी त्यांना स्वयंपाकघरातलं कालनिर्णय दाखवते. त्यावर दुधाचे खाडे, सिलिंडरची तारीख, चतुर्थी. ते काढून घ्या, असं मला कुणी म्हणत नाही.

तुमच्या घरी असं मूल असेल तर आज रात्री चाळीस पानं छापू नका. तीनच फोटो काढा. एक त्याला आवडणाऱ्या गोष्टीचा, एक रोजच्या कामाचा. तिसरं कार्ड ‘नको’चं करा, आणि ते तुमच्या हातात आलं की घ्या.