ताटातले भांडण : काचपेटीतील पफर माशांची आक्रमकता

कोकणातील मच्छीमारांना केंड मासा नवा नाही. हात लावताच फुगणारा आणि कठीण चोचीने जाळे कुरतडणारा हा जीव किनाऱ्यावर कोणालाच नको असतो. त्याच्याच कुळातील गोड्या पाण्यातला एक चिमुकला नातलग मात्र लंडनपासून न्यू जर्सीपर्यंत अनेक दिवाणखान्यांत पोहोचला आहे. ‘पी पफर’ या नावाने विकला जाणारा हा जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरचा मासा मूळचा पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातला. सुंदरलाल होरा आणि नायर यांनी १९४१ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले, आणि त्रावणकोर संस्थानाची आठवण त्याच्या शास्त्रीय नावात आजही टिकून आहे. आययूसीएनच्या यादीत तो ‘असुरक्षित’ गटात मोडतो. म्हणूनच आपल्या टाकीतला एखादा मासा उपासमारीने गेला, तर ती हानी केवळ घरगुती राहत नाही.

हा मासा एरवी शांतपणे तरंगत, डोळे फिरवीत हिंडतो. अन्न पडताच त्याचे रूप पालटते. त्याचे कारण समजण्याजोगे आहे. पक्ष्यांच्या हद्दींविषयी जेरम ब्राऊन यांनी १९६४ मध्ये मांडलेला विचार येथेही लागू पडतो: एखादी गोष्ट राखण्यासाठी लागणाऱ्या श्रमापेक्षा तिच्यापासूनचा लाभ मोठा असेल, तरच प्राणी तिच्यासाठी झुंजतो. गोठवलेल्या ब्लडवर्मचा तुकडा आपण एकाच कोपऱ्यात टाकतो, तेव्हा दांडग्या नराला राखता येईल असा खजिनाच आपण त्याच्या हवाली करतो. तेच अन्न टाकीभर विखुरले, तर राखणदारी परवडत नाही.

तेव्हा तुकडा टाकीतल्याच थोड्या पाण्यात वितळवून घ्यावा आणि ड्रॉपरने तीन-चार ठिकाणी सोडावा. प्रथम दांडग्याच्या कोपऱ्यात. तो तेथे गुंतला की लगेच दूरच्या टोकाला, झाडांच्या आड. दिवसाला एक मोठे जेवण देण्यापेक्षा दोन लहान जेवणे बरी. उरलेले अन्न काढून टाकावे, कारण ते कुजून पाण्यात अमोनिया वाढतो, आणि पफरला तो मुळीच सोसत नाही. अधूनमधून लहान गोगलगायी सोडाव्यात. त्या टाकीभर पसरतात, प्रत्येकाला आपली शिकार स्वतः शोधावी लागते, आणि सतत वाढणारी चोचही झिजते.

जेवणाची पद्धत कितीही सुधारली, तरी उघड्या टाकीत तिचा उपयोग अर्धाच. एका टोकापासून दुसरे टोक दिसत असेल, तर दुर्बळ माशाला लपायला जागा कोठून मिळणार? दाट वनस्पती, जावा मॉस, लाकडाचे ओंडके यांनी दृष्टी अडवली पाहिजे. नर कमी आणि माद्या अधिक हे प्रमाण ठेवावे. पोटाखालची गडद रेघ आणि डोळ्यांमागच्या सुरकुत्या यांवरून प्रौढ नर ओळखू येतो. दुकानातली पिल्ले मात्र सारखीच दिसतात, ही या छंदातील खरी अडचण आहे.

क्षणभराच्या पाठलागाने घाबरून जाऊ नये. लक्ष ठेवावे ते पोटावर. जेवणानंतर प्रत्येकाचे पोट गोल दिसायला हवे. एखाद्याचे सतत खपाटीला गेलेले असेल, पर फाटलेले असतील आणि तो अन्नाकडे फिरकतच नसेल, तर वेळ दवडू नये. दांडग्याला काही दिवस छिद्रांच्या दुभाजकापलीकडे किंवा वेगळ्या टाकीत ठेवावे आणि परत सोडण्यापूर्वी झाडांची मांडणी बदलावी. जुन्या हद्दी पुसल्या जातात. पकडताना जाळीने बाहेर उचलू नये, पाण्यातच भांड्यात घ्यावे. बाहेर फुगताना गिळलेली हवा त्याच्या जिवावर बेतू शकते. मुलांच्या हौसेखातर त्याला मुद्दाम फुगवणे हा तर निव्वळ छळ आहे.

डिसेंबरात तीन आठवडे भारतात जाणाऱ्यांपुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. हा मासा कोरडे दाणे बहुधा तोंडात घेत नाही, त्यामुळे स्वयंचलित खाद्ययंत्र निरुपयोगी ठरते. ब्लडवर्मच्या दिवसागणिक पुड्या करून फ्रीझरमध्ये ठेवाव्यात आणि शेजाऱ्याला निघण्यापूर्वी दोनदा तरी समोर उभे करून चारही कोपरे दाखवावेत.