सुटी, प्रवास आणि शोध : ऐतिहासिक रहस्यकथेतील तरुण स्त्री-शोधक व जुन्नर–आंबेगाव परिसराचा संदर्भ

प्रस्तावना

रहस्यकथा हा मराठी वाचकाच्या आवडीचा, परंतु मराठी समीक्षेने बहुधा दाराबाहेरच उभा केलेला वाङ्मयप्रकार आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक पुस्तकांनी काही पिढ्यांना वाचनाची गोडी लावली, सुहास शिरवळकरांच्या नायकांनी महाविद्यालयीन तरुणांना झपाटले आणि भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे तर आजही वाचला जातो. या सर्व नामावलीत शोध घेणारी प्रमुख व्यक्ती बहुतांशी पुरुष आहे, ही गोष्ट सहज लक्षात येते. स्त्री येते ती अशील म्हणून, संशयित म्हणून किंवा बळी म्हणून.

इंग्रजी वाङ्मयात मात्र या प्रकाराची एक उपशाखा चांगलीच फोफावली आहे. सुटीच्या निमित्ताने परमुलखात गेलेली तरुण स्त्री, तेथे घडलेला गुन्हा आणि तिने लावलेला छडा, असे तिचे ढोबळ स्वरूप असते. कथेचा काळ लेखकाच्या काळाहून बराच मागचा असेल तर ती ऐतिहासिक रहस्यकथा ठरते. या उपशाखेचे स्वरूप स्पष्ट करणे, भारतीय भूमीवर येताना तिच्यात कोणता बदल होतो ते पाहणे आणि जुन्नर–आंबेगाव परिसरातील ऐतिहासिक सामग्रीच्या आधारे तिचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ऐतिहासिक रहस्यकथेचे स्वरूप

ऐतिहासिक रहस्यकथेत शोधकाच्या हाती त्या काळाचीच साधने असतात. बोटांचे ठसे, रक्तपरीक्षा, दूरध्वनी यांचा आधार नसल्याने माणसांचे बोलणे, घरातील नातीगोती, कागदपत्रे आणि वस्तू यांवरच भिस्त ठेवावी लागते. म्हणून या कथेतील शोधक आणि इतिहास-संशोधक यांची कामे एकमेकांच्या फार जवळ येतात.

अॅगाथा ख्रिस्ती यांची 'डेथ कम्स अॅज द एण्ड' ही कादंबरी या दृष्टीने महत्त्वाची आहे. १९४० च्या दशकाच्या मध्यास प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे २००० वर्षांचा, स्थळ प्राचीन इजिप्त. हर्बर्ट विनलॉक यांच्या उत्खननात १९२१–२२ च्या सुमारास हेकानख्त नावाच्या एका गृहस्थाची पत्रे थडग्यात सापडली. शेतीच्या सूचना, धान्याचा हिशेब आणि घरात आणलेल्या स्त्रीला कुटुंबीय नीट वागवीत नाहीत ही तक्रार, असा त्या पत्रांचा मजकूर आहे. स्टीफन ग्लॅनव्हिल या इजिप्तविद्येच्या अभ्यासकाने सुचविल्यावरून ख्रिस्तींनी या घरगुती कुरबुरीतून खुनाची कथा उभी केली. नवऱ्याच्या मृत्यूनंतर माहेरी परतलेली रेनिसेंब ही तरुण विधवा तिच्या केंद्रस्थानी आहे. खडकात कोरलेल्या जागेतील चार ओळींच्या मजकुरातून एक सबंध घर उभे राहू शकते, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

सुटीवर गेलेली नायिका

ख्रिस्तींच्याच 'द मॅन इन द ब्राउन सूट' (१९२४) या कादंबरीतील अॅन बेडिंगफेल्ड ही एका प्राचीन-मानव संशोधकाची मुलगी. वडिलांच्या निधनानंतर हाती उरलेली जवळजवळ सारी पुंजी ती दक्षिण आफ्रिकेच्या बोटीच्या तिकिटावर घालते आणि लंडनमध्ये पाहिलेल्या एका मृत्यूचा माग काढीत केपटाऊनला पोहोचते. एलिझाबेथ पीटर्स या नावाने लिहिणाऱ्या बार्बरा मर्ट्झ या स्वतः इजिप्तविद्येतील डॉक्टरेट मिळविलेल्या विदुषी. त्यांच्या 'क्रोकोडाइल ऑन द सॅण्डबँक' (१९७५) मधील अमेलिया पीबडी वडिलांकडून आलेल्या संपत्तीच्या बळावर १८८० च्या दशकातील इजिप्तमध्ये हिंडते. सुजाता मॅसी यांच्या 'द सॅलरीमॅन्स वाइफ' (१९९७) या कादंबरीत टोकियोत इंग्रजी शिकविणारी री शिमुरा नववर्षाच्या सुटीत डोंगरातील एका जुन्या गावी उतरते आणि बर्फात तिला एका स्त्रीचे प्रेत दिसते. ही कादंबरी ऐतिहासिक नाही. पण सुटी, परका मुलूख आणि तरुण स्त्री ही तिन्ही अंगे तीत स्पष्ट दिसतात.

या नायिकांना घराबाहेर काढण्याची लेखकाला गरज का भासते? घरात असताना स्त्रीला तिची भूमिका ठरवून दिलेली असते. प्रवासात ती सैल होते. अनोळखी माणसे तिच्यापुढे मोकळेपणी बोलतात, कारण तिला कोणी फारसे मोजत नाही. हे न मोजले जाणे हेच तिचे हत्यार ठरते. मात्र अॅन आणि अमेलिया यांच्या मोकळेपणामागे साम्राज्याची व्यवस्था उभी आहे, हेही विसरता येत नाही. बोटी त्यांच्या, वकिलाती त्यांच्या आणि सामान वाहणारे हात स्थानिकांचे. या कादंबऱ्या वाचताना होणारी करमणूक खरी असली तरी ती काहीशी एकतर्फी आहे.

भारतीय स्त्री आणि परदेश

भारतीय स्त्रीच्या वाट्याला हा मोकळेपणा आला नव्हता. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या त्या वैद्यकी शिकण्यासाठी. त्याच वर्षी पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. पुढे अमेरिकेतील वास्तव्यावर त्यांनी लिहिलेले प्रवासवृत्त १८८९ मध्ये प्रसिद्ध झाले. परक्या समाजाचे बारकाईने निरीक्षण करणाऱ्या मराठी स्त्रीचे ते महत्त्वाचे लेखन होय. लादलेल्या विवाहाविरुद्ध न्यायालयात उभ्या राहिलेल्या रखमाबाई वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला गेल्या. यांपैकी कोणाचाही प्रवास सुटीचा नव्हता. त्यासाठी पैसा जमवावा लागला आणि टीकाही सोसावी लागली.

याच मालिकेत कॉर्नेलिया सोराबजी यांचा समावेश करावा लागतो. १८६६ मध्ये नाशिक येथे जन्मलेल्या कॉर्नेलिया पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या. गुणवत्ता असूनही स्त्री म्हणून परदेशी शिक्षणाची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना मिळू शकली नाही; इंग्लंडमधील हितचिंतकांच्या मदतीने १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डला गेल्या. तेथील कायद्याची परीक्षा त्यांनी १८९२ मध्ये दिली. पदवी मात्र तीस वर्षांनी, १९२२ मध्ये हाती पडली. १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांनी पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तेचे आणि वारसांचे प्रश्न हाताळले. जनानखान्याच्या आत काय घडते, विधवेच्या नावाने कोण सही करतो, अज्ञान वारसाला कोणापासून धोका आहे, हे पुरुष वकिलाला कळण्याची सोय नव्हती. कॉर्नेलिया आत जाऊ शकत होत्या. काल्पनिक गुप्तहेर स्त्रीची सर्व लक्षणे या खऱ्या स्त्रीत आढळतात.

सुजाता मॅसी यांनी कॉर्नेलिया सोराबजी आणि मुंबईच्या पहिल्या महिला बॅरिस्टर मिठन टाटा (लाम) यांच्या चरित्रांवरून परवीन मिस्त्री ही व्यक्तिरेखा घडविली. या मालिकेतील पहिल्या कादंबरीत, १९२१ च्या मुंबईत, मलबार हिलवर पडद्यात राहणाऱ्या तीन विधवा आपला वारसा सोडून देण्यास का तयार झाल्या, याचा शोध परवीन घेते. 'द सातापूर मूनस्टोन' (२०१९) या दुसऱ्या कादंबरीत ती पावसाळी सह्याद्रीत येते. सातापूर हे काल्पनिक संस्थान. महाराजांचा आजाराने आणि त्यापाठोपाठ थोरल्या मुलाचा शिकारीत मृत्यू झालेला. मागे उरलेल्या सासू-सुनांत अज्ञान वारसाच्या शिक्षणावरून वाद. दोन्ही राण्या पुरुषांसमोर येत नाहीत, म्हणून परवीनला पाठविण्यात येते. ऑक्सफर्डला शिकून आलेली ही पारशी मुलगी डोंगरातील राजवाड्यातही परकीच आहे. तरीही ती सुटीवर आलेली नाही, कामगिरीवर आलेली आहे. इंग्रजी साच्यात हा जो बदल होतो तो भारतीय स्त्रीच्या इतिहासाने घडविलेला आहे. संस्थान काल्पनिक असल्याने लेखिकेला मोकळीक मिळाली. पण खऱ्या गावाचा, खऱ्या दप्तराचा जो जाच लेखनाला बळ देतो, त्याला ती मुकली, असेही म्हणता येईल.

मराठीत सुटी आणि रहस्य यांचे नाते निराळ्या ठिकाणी जुळले. १९०९ मध्ये का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा रूढ केली आणि पुढे 'धनंजय'सारख्या अंकांनी रहस्यकथेला दिवाळीत हक्काचे स्थान दिले. म्हणजे इंग्रजी कथेत नायिका सुटीवर असते, तर मराठीत वाचक सुटीवर असतो. मराठी स्त्रीला घराबाहेर पडण्याची परंपरेने मिळालेली संधी म्हणजे माहेरपण, जत्रा आणि तीर्थयात्रा.

जुन्नर–आंबेगाव परिसरातील सामग्री

अशा यात्रेच्या वाटा या परिसरात विपुल आहेत. लेण्याद्री आणि ओझर ही अष्टविनायकांतील दोन स्थाने जुन्नर तालुक्यात आहेत, तर मंचर–घोडेगावमार्गे भीमाशंकरला जाणारी वाट आंबेगाव तालुक्यातून जाते. याच वाटेवर डिंभे धरणाच्या जलाशयाखाली जुने आंबेगाव गाव गेलेले आहे. तालुक्याला ज्याचे नाव, ते गावच पाण्याखाली, ही स्थिती कोणाही रहस्यकथाकाराला मोहात पाडील.

लेण्याद्रीला गिरिजात्मजाचे दर्शन घेणारा भाविक ज्या दालनात उभा असतो तो मुळात बौद्ध विहार आहे. शेजारच्या चैत्यगृहातील लेख ते कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याचे दान असल्याचे सांगतो. मानमोडीच्या डोंगरात नहपानाचा अमात्य अयम याचा ४६ व्या वर्षाचा लेख आहे. शिवनेरीवर इरिल नावाच्या यवनाने दोन पाण्याची टाकी आणि चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. मानमोडीवर चंद नावाच्या यवनाचे दान आहे. इरिल आणि चिट यांच्या नावांपुढे येणाऱ्या 'गत' या शब्दाचा अर्थ काय, यावर विद्वानांत मतभेद आहेत. कोणी त्यात युरोपातील गॉथ लोक पाहिले, कोणी भारतातीलच एखादा प्रदेश. या माणसांच्या दृष्टीने जुन्नर हाच परदेश होता.

सर्वांत मोठे कोडे नाणेघाटात आहे. १८२८ च्या सुमारास कर्नल साइक्स यांनी येथील लेण्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. पुढे भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी त्यातील लेखांचे वाचन केले; मराठीत वा. वि. मिराशी यांनी त्यांचा सविस्तर परामर्श घेतला. भिंतीवरील मोठ्या लेखात अश्वमेध, राजसूय आदी यज्ञांची आणि हजारो गायी, घोडे, हत्ती, कार्षापण यांच्या दक्षिणेची यादी आहे. या लेखाच्या केंद्रस्थानी एक राणी आहे. ती महारठीची कन्या, वेदिश्रीची माता, महिना-महिना उपवास करणारी, तापसीचे जीवन जगणारी म्हणून वर्णिली आहे. पण लेख बराच झिजलेला असून तिचे नाव त्यात स्पष्ट उरलेले नाही. समोरच्या भिंतीवर पूर्वी राजकुलातील व्यक्तींचे पुतळे होते. पुतळे नष्ट झाले, पावलांच्या खुणा आणि वरची नावे राहिली. त्यात सिमुक सातवाहन, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी यांच्याबरोबर 'देवी नायनिका' आणि 'राजा श्री सातकर्णी' ही नावे जोडीने येतात. या जोडनावावरून मोठ्या लेखातील अनाम राणी म्हणजेच नागनिका, आणि पतिनिधनानंतर अज्ञान पुत्राच्या वतीने तिने राज्यकारभार पाहिला असावा, असे अनुमान अभ्यासकांनी बांधले. एका भिंतीवरचे वर्णन आणि दुसऱ्या भिंतीवरचे नाव यांची ही सांगड तपासकामाचा उत्तम नमुना आहे. विधवा राणी आणि अज्ञान वारस हा मॅसी यांनी विसाव्या शतकातील काल्पनिक सह्याद्रीत मांडलेला पेच. त्याच्याशी जुळणारी परिस्थिती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी याच सह्याद्रीत असावी, हे विशेष होय.

शोध घेणारी कोण?

तथापि अशा कथेत शोध घेणारी तरुण स्त्री कोण असू शकेल, हा प्रश्न उरतो. सातवाहनकाळात वकील स्त्री दाखविणे हास्यास्पद ठरेल. राणीला राजवाडा सोडता येत नाही, दासीला प्रश्न विचारता येत नाहीत आणि व्यापाऱ्याची पत्नी घाटाखाली एकटी उतरत नाही. येथे प्राचीन वाङ्मय मदतीला येते. कौटिलीय अर्थशास्त्रात संचार करणाऱ्या हेरांमध्ये परिव्राजिकेचा समावेश केला आहे. ती धीट असावी, अंतःपुरात तिला मान असावा आणि अमात्यांच्या घरी तिची ये-जा असावी, अशी अपेक्षा आहे. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र'मधील पंडिता कौशिकी परिव्राजिकेच्या वेषात राणीच्या सान्निध्यात राहते आणि मालविका ही विदर्भाची राजकन्या असल्याचे तिला प्रथमपासून ठाऊक असते. भवभूतीच्या 'मालतीमाधव'मध्ये कामंदकी ही बौद्ध भिक्षुणी साऱ्या कारस्थानाची सूत्रे हलविते.

घर सोडलेली, प्रवासाची मुभा असलेली, भिक्षेच्या निमित्ताने प्रत्येक उंबऱ्याशी उभी राहणारी आणि जनानखान्यातही जिला कोणी अडवीत नाही अशी स्त्री त्या काळी अस्तित्वात होती. अॅन बेडिंगफेल्डला जे तिकिटाने मिळाले आणि परवीन मिस्त्रीला सनदेने, ते तिला चीवराने मिळत होते. जुन्नरच्या गणेश डोंगरावरील एका लेखात धम्मुत्तरीय पंथाच्या भिक्षुणींसाठी नगरात असलेल्या निवासाचा उल्लेख आढळतो. भिक्षूंची लेणी डोंगरात आणि भिक्षुणींचे घर मात्र वस्तीत, बाजारपेठेच्या जवळ. त्या घरातील एकीचेही नाव या लेखात नाही.