संगणकाची जादा पाळी

कामगार चळवळीतल्या माणसाने संगणकावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण ठरल्यापेक्षा जास्त काम कुणाकडून किती घ्यावे, हा आमचा नित्याचाच प्रश्न आहे. आणि ओव्हरक्लॉकिंग म्हणजे तरी दुसरे काय? प्रोसेसर ठोक्यांवर काम करतो. कारखान्याने सेकंदाला चार अब्ज ठोके ठरवून दिले असता आपण ४.४ अब्ज मागावयाचे, ही यंत्राची जादा पाळीच झाली.

जादा पाळीला जादा मजुरी पडते. येथे ती विजेच्या रूपाने द्यावी लागते. वेग वाढविला की पुष्कळदा विजेचा दाबही वाढवावा लागतो. विजेचा खर्च वेगाच्या प्रमाणात, पण दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन्ही दहा टक्के वाढविले, तर खर्च आणि उष्णता सुमारे ३३ टक्के वाढते. पैसे मोजण्यापूर्वी हा हिशेब मनात पक्का धरावा.

ही वीज पोचविण्याचे काम मदरबोर्डाचे. आलेला १२ व्होल्टचा दाब तो सव्वा व्होल्टच्या आसपास उतरवितो. शंभर वॅट मागणाऱ्या प्रोसेसरला त्या दाबावर ८० अँपियर प्रवाह लागतो. तो देणाऱ्या भागास व्हीआरएम म्हणतात. म्हणून स्वस्त बोर्ड घेताना रंगीत दिव्यांना भुलू नये. प्रोसेसरशेजारच्या ह्या भागावर धातूचा भरीव हीटसिंक आहे की नाही, हे पाहावे. दुसरी गोष्ट चिपसेटची. एएमडीच्या बी४५०, बी५५० अशा मध्यम किमतीच्या बोर्डांवर बहुतेक रायझन प्रोसेसरांचा वेग वाढविता येतो. ए५२० वर ती सोय नाही. इंटेलकडे सहसा के अक्षराचा प्रोसेसर आणि झेड वर्गाचा बोर्ड, असे दोन्ही महाग लागतात.

मेमरीच्या बाबतीत आकडे नीट वाचावेत. डीडीआर४ मध्ये ३२०० वेगाची सीएल १६ आणि ३६०० वेगाची सीएल १८, ह्या दोहोंना पहिले उत्तर देण्यास दहाच नॅनोसेकंद लागतात. दुसरीचा ओघ मात्र एक-अष्टमांशाने अधिक. त्यापेक्षा मोठा लाभ बिनखर्चाचा आहे. १६ जीबीची एकच पट्टी न घेता ८ जीबीच्या दोन सारख्या पट्ट्या घ्याव्यात. ३२०० च्या एका मार्गाने सेकंदाला २५.६ जीबी माहिती जाते. दोन मार्ग चालू झाले की ती क्षमता दुप्पट होते. डब्यावर छापलेला वेग बायॉसमध्ये एक्सएमपी चालू केल्यावाचून बहुधा मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

आता आमचीच चूक सांगतो. संघटनेच्या कचेरीतील यंत्राच्या मेमरीचा वेग आम्ही हौसेने वाढविला. यंत्र बंद पडले नाही, कुरकुरले नाही. पण वेतनफरकाच्या तक्त्यातील काही आकडे बिघडले. हाताने लिहिलेल्या वहीशी ताडून पाहिले, म्हणून एका कामगाराचा फरक बुडता बुडता वाचला. तेव्हापासून वेग एकेक पायरीने वाढवावा, प्रत्येक पायरीला मेमटेस्ट रात्रभर चालवावी, आणि एकही चूक निघाली तर मागे यावे, हा आमचा नियम आहे. लोकांच्या पैशाचे हिशेब मात्र ठरल्या वेगाच्याच यंत्रावर ठेवतो.

आमच्या गगनबावड्याचा पाऊस आपण जाणताच. येथे भिंतींना ओल चढते. पंख्याने ओढलेली धूळ दमट हवेत बोर्डावर चिकटून बसते. म्हणून पेटी भिंतीपासून दूर ठेवावी, धूळ वरचेवर काढावी, अर्थिंग तपासून घ्यावे, आणि वीज जाते तेथे यूपीएसला पैसे आधी राखून ठेवावेत.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. माणसाला आपली मर्यादा बोलून दाखविता येते. यंत्राला तोंड नाही. त्याची मर्यादा आपणच तपासून ओळखली पाहिजे.