परदेशच्या नोकरीचा कागद : पैसे देण्याआधी पारखून घ्या

पाऊस दगा देतो, विहीर तळ गाठते आणि करमाळा, सांगोला, मंगळवेढ्याकडच्या एखाद्या घरात मुलगा म्हणतो, "आबा, दुबईला जातो. एजंट दीड लाख मागतोय." मग अर्धा एकर गहाण टाकायचा की आईच्या पाटल्या मोडायच्या, याचा खल सुरू होतो. जाणे वाईट नाही. पण पैसे हातावेगळे करण्याआधी चार गोष्टी नीट समजून घ्या.

एजंट कोण?

परदेशी मजूर पाठवणे हा वाटेल त्याने करायचा धंदा नाही. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे त्यासाठी केंद्र सरकारच्या परराष्ट्र खात्याकडे नोंदणी लागते. नोंदलेल्या एजंटालाही कामगाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरचा कर, याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. शिवाय पावती द्यावी लागते. "मी मुंबईच्या मोठ्या साहेबाचा माणूस" म्हणत गावोगाव हिंडणाऱ्या पोट-एजंटाला कायद्यात जागा नाही. एजंटाचे नाव व नोंदणी क्रमांक सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर पाहता येतो. घरात जमत नसेल तर गावातल्या शिकलेल्या पोराला सांगा, पाच मिनिटांचे काम आहे.

व्हिसा कोणता?

खरी फसगत इथे होते. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर साधारणपणे 'ईसीआर' अशी नोंद असते. सौदी, कुवेत, ओमान, कतार, अमिराती अशा ठरावीक देशांत नोकरीला जाताना अशा माणसाला 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. त्यांचे कार्यालय मुंबईतही आहे. मंजुरीच्या वेळी मालक, पगार व करार तपासला जातो. म्हणून लबाड एजंट काय करतो? "आधी व्हिजिट व्हिसावर चला, तिथे गेल्यावर कामाचा करून देऊ," म्हणतो. व्हिजिट व्हिसा पाहुण्याचा असतो. त्यावर काम केले तर गुन्हेगार ठरतो तो तुमचा मुलगा. मुदत संपली की दंड चढतो आणि पगार बुडवणाऱ्या मालकाविरुद्ध दाद मागायलाही तो भितो.

अमिरातीच्या सरकारने २०२४ साली १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर अशी माफीची मुदत दिली होती. मुदत उलटून राहिलेल्यांना दंड न भरता कागद नीट करण्याची किंवा घरी परतण्याची सोय झाली. पण अशी माफी पुन्हा कधी मिळेल, या भरवशावर कोणी जाऊ नये.

बदललेले नियम

आखातात पूर्वी मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलता येत नसे. कतारने २०२० मध्ये ही अट काढली. सौदीनेही मार्च २०२१ पासून ती सैल केली, पण घरकामगार, घरगुती ड्रायव्हर, माळी, मेंढपाळ व शेतमजूर यांना त्या सुधारणेतून वगळले. आपली पोरे पुष्कळदा याच कामांना जातात! तेव्हा "आता तिकडे सगळे मोकळे झाले" असे कोणी सांगितले, तर "कोणत्या कामाला?" हे आधी विचारा.

निघण्यापूर्वी

करारात काम, पगार, तास, राहणे-जेवण आणि परतीचे तिकीट स्पष्ट लिहिलेले हवे. भाषा कळत नसेल तर वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. पासपोर्ट, व्हिसा, करार व पावत्यांच्या नकला घरच्या पेटीत ठेवा आणि त्या कुठे आहेत हे सूनबाईलाही माहीत असू द्या. ईसीआर कामगारांसाठी 'प्रवासी भारतीय विमा योजना' आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाखांचे संरक्षण मिळते आणि हप्ता काहीशे रुपयांचाच असतो. तो भरल्याचा कागद मागून घ्या.

फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. गावातल्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. माणूस तिकडे अडकला असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीला कळवा. सरकारच्या 'मदद' संकेतस्थळावर घरूनही तक्रार नोंदवता येते.

बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून बघतो, चार जणांना विचारतो. मग पोटच्या पोराला परमुलखात धाडताना घाई कशाला? खरा एजंट दोन दिवस थांबतो. "आजच पैसे द्या, नाहीतर जागा जाईल," असे म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.