विश्लेषण : दुबळ्या प्रतिस्पर्ध्याला हरवून गुण मिळावेत का? बुद्धिबळातील '४०० गुणां'चा नियम काय?

अमेरिकेचा ग्रँडमास्टर हिकारू नाकामुरा २०२५ मध्ये लुईझियाना आणि आयोवा या राज्यांतील छोट्या स्पर्धांत खेळला. २८०० हून अधिक गुणांकन असलेल्या खेळाडूसमोर तिथे बहुतेक हौशी खेळाडू होते. त्यावर वाद झाला आणि 'फिडे'ने १ ऑक्टोबर २०२५ पासून नियम बदलला.

नाकामुरा तिथे का गेला?

जगज्जेत्याचा आव्हानवीर 'कँडिडेट्स' स्पर्धेतून ठरतो. तिथली एक जागा गुणांकनाच्या सरासरीवर मिळते. मात्र त्यासाठी ठरलेल्या मुदतीत किमान ४० डाव खेळलेले असावे लागतात. नाकामुराला डावांची संख्या भरायची होती. नियमात ते बसत होते.

गुण कसे ठरतात?

ही पद्धत अर्पाद एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाची. 'फिडे'ने ती १९७० मध्ये स्वीकारली. दोघांच्या गुणांतील फरकावरून अपेक्षित निकाल काढतात. ४०० गुणांचा फरक असेल तर वरच्या खेळाडूकडून डावामागे ०.९२ गुणाची अपेक्षा असते. अव्वल खेळाडूंसाठी गुणक १० असल्याने विजयाचे ०.८ गुण मिळतात. बरोबरी झाली तर ४.२ आणि हरल्यास ९.२ गुण जातात.

मग अडचण कुठे होती?

फरक ४०० पेक्षा जास्त असला तरी तो ४००च धरला जाई. त्यामुळे हजार गुणांनी मागे असलेल्याला हरवूनही ०.८ गुण पदरात पडत. असे सात विजय म्हणजे ५.६ गुण. आता २६५० आणि त्यावरील खेळाडूंसाठी खरा फरक मोजला जातो. तो ७३५ च्या पुढे गेला की विजयाचे गुण शून्य, पराभवाचा फटका मात्र पूर्ण १० गुणांचा.

खालच्या खेळाडूचे काय?

खुल्या स्पर्धांत अशा लढती नेहमीच्याच. स्विस पद्धतीत १०० खेळाडू असतील तर पहिल्या फेरीत पहिला मानांकित ५१व्याशी खेळतो. १८ वर्षांखालील, २३०० पेक्षा कमी गुणांच्या खेळाडूचा गुणक ४० असतो. त्याने ४०० गुणांनी वरचढ प्रतिस्पर्ध्याला हरवले तर ३६.८ गुणांची कमाई होते, हरला तर फक्त ३.२ गुण जातात. म्हणूनच पुणे-नागपूरच्या खुल्या स्पर्धेत मोठ्या नावासमोर बसलेल्या मुलाला गमवायचे थोडे असते. घाम फुटतो तो समोरच्याला.