जुना गेमिंग पीसी अपग्रेड करताय? खर्च करण्याआधी ही चाचणी करा

माझा पीसी २०१९ मध्ये जुळवलेला. रायझन ५ १६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच पट्टी आणि जीटीएक्स १६६० ग्राफिक्स कार्ड. वर्षभरापासून व्हॅलोरंट खेळताना तो अडकायला लागला. नेमकं समोर कुणी आलं की स्क्रीन क्षणभर थांबायची. पगारातून सहा महिने बाजूला टाकत २५ हजार जमवले आणि सगळे नव्या ग्राफिक्स कार्डात घालायचं ठरवलं. दुकानात जायच्या आदल्या रात्री एक चाचणी केली आणि बेतच बदलला.

दोष कुणाचा, हे आधी शोधा

गेममध्ये एफपीएस बघा. मग रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी करा. एफपीएस बऱ्यापैकी वाढले, तर ग्राफिक्स कार्ड कमी पडतंय. जवळजवळ तेवढेच राहिले, तर कार्ड रिकामं बसलंय आणि प्रोसेसर किंवा रॅम मागे पडतेय. माझे एफपीएस हललेच नाहीत!

इथे बरेच जण फसतात. टास्क मॅनेजरमध्ये माझा प्रोसेसर जेमतेम ४० टक्के वापरात दिसत होता. पण हा आकडा सगळ्या थ्रेड्सचा मिळून असतो. १२ थ्रेड्सपैकी एकच पूर्ण भरला, तर एकूण वापर ८ टक्क्यांच्या आसपास दिसतो, आणि गेम मात्र त्या एकापाशी अडून बसतो. म्हणून सीपीयूच्या आलेखावर राइट क्लिक करून प्रत्येक थ्रेडचा आलेख वेगळा बघा.

आधी फुकटातले उपाय

बायोसमध्ये गेलो तर ३००० मेगाहर्ट्झची रॅम २१३३ वरच चालत होती. एक्सएमपी सुरूच केलेलं नव्हतं, म्हणजे इतकी वर्षं मी हळू रॅमवर खेळत होतो. ते सुरू केलं, धूळ साफ केली, थर्मल पेस्ट बदलली. थोडा फरक तिथेच पडला.

मग पैसे कुठे घातले?

रॅम: मागे ब्राउझर उघडा असला की ८ जीबी भरून जायची. ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्या. दोन पट्ट्या योग्य स्लॉटमध्ये लावल्या की ड्युअल चॅनल चालतं, आणि रायझनला त्याचा चांगला फायदा होतो.

प्रोसेसर: एएम४ सॉकेटचा मोठा फायदा म्हणजे बायोस अपडेट केल्यावर बी४५० बोर्डवर रायझन ५ ५६०० चालतो. बोर्ड बदलावा लागत नाही. फक्त अपडेट जुना प्रोसेसर लावलेला असतानाच करा, आणि मध्येच लाईट जाणार नाही याची काळजी घ्या. शिवाय विंडोज ११ च्या यादीत रायझन १६०० नाही, ५६०० आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे हाही प्रश्न सुटला.

एसएसडी: गेम पटकन लोड होतो, पण एफपीएस सहसा वाढत नाहीत. अजून हार्ड डिस्कवर असाल तर नक्की घ्या, फक्त चुकीची अपेक्षा ठेवू नका.

आता ते अडकणं थांबलंय, कार्ड तेच आहे आणि थोडे पैसेही उरले. पुढे मोठं कार्ड घेतलंच तर आधी एसएमपीएसची क्षमता आणि कनेक्टर तपासणार.

कधी थांबावं?

तुमच्याकडे आय५ ७४०० सारखा सातव्या पिढीचा इंटेल असेल, तर गणित वेगळं आहे. आठव्या पिढीचे प्रोसेसर त्याच आकाराच्या सॉकेटचे असले तरी त्या बोर्डवर चालत नाहीत. म्हणजे पुढे जायचं तर बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही बदलावे लागतात, आणि नवा बोर्ड डीडीआर५ चा असेल तर रॅमसुद्धा. अशा वेळी जुन्या बोर्डसाठी आणखी काही घेऊ नका. पैसे साठवा. कॅबिनेट, एसएसडी आणि ग्राफिक्स कार्ड मात्र नव्या पीसीत नेता येतं.

तुमची ७२०पी चाचणी काय सांगते? आज रात्रीच करून बघा, दुकानात नंतर जा.