शिकागोचा भाव, वाशीमचा हर्रास

वाशीम - सुगीच्या दिवसांत जिल्ह्यात दिवेलागण होते, तेव्हा अमेरिकेतील शिकागो शहरात सकाळचे साडेआठ वाजलेले असतात आणि तेथील वायदेबाजारात सोयाबीनचे दिवसाचे व्यवहार सुरू होतात. तेथे भाव बुशेलवर, म्हणजे सुमारे सव्वासत्तावीस किलोच्या मापावर ठरतो. पूर्वी हा आकडा बड्या तेलगिरण्या आणि मोजक्या व्यापाऱ्यांनाच कळत असे. आता तो रिसोड किंवा मानोरा तालुक्यातील शेतकऱ्यालाही माल गाडीत भरण्यापूर्वी मोबाइलवर पाहता येतो. इंटरनेटने जग जवळ आणले, असे म्हटले जाते. सोयाबीन पिकविणाऱ्या या जिल्ह्यापुरता त्याचा अर्थ असा रोकडा आहे.

हा आकडा येतो कसा? तो उपग्रहावरून येतो, अशी अनेकांची समजूत आहे. प्रत्यक्षात देशादेशांमधील इंटरनेटची बहुतेक वाहतूक समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून होते. माहितीचे लहान लहान तुकडे केले जातात. त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर पत्राच्या पाकिटाप्रमाणे पोहोचण्याचा पत्ता असतो. केसासारख्या बारीक काचतंतूतून हे तुकडे प्रकाशाच्या रूपाने सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने धावतात, मुंबई किंवा चेन्नईच्या किनाऱ्यावर उतरतात, जमिनीखालील तारांतून जिल्ह्यात पोहोचतात आणि अखेरचा टप्पा मोबाइल टॉवरवरून पार करतात. हे सारे डोळ्याची पापणी लवते न लवते तोच घडते. मात्र ही व्यवस्था नाजूकही आहे. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातील केबल तुटल्या आणि भारतातील इंटरनेट कित्येक दिवस रखडले.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा वाशीम जिल्हा अस्तित्वातही नव्हता. अकोल्यातून तो १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला.

शिकागोच्या भावाशी येथील शेतकऱ्याला कर्तव्य का असावे, हा प्रश्न साहजिक आहे. शंभर किलो सोयाबीन गाळले, की साधारण अठरा किलो तेल निघते. उरते ती बहुतांशी पेंड. भारत खाद्यतेल मोठ्या प्रमाणावर आयात करतो आणि सोयापेंड निर्यात करतो. त्यामुळे ब्राझील, अमेरिका व अर्जेंटिना या बड्या उत्पादक देशांतील पीकपाण्याचा परिणाम येथील गिरणीच्या खरेदीवर होतो. जुलै २०१८ मध्ये चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के जादा कर लावला, तेव्हा शिकागोतील भाव सुमारे दहा वर्षांच्या नीचांकावर गेला होता. अर्थात, शिकागो घसरले म्हणून वाशीमचा भाव तेवढाच घसरतो, असे नाही. आयात शुल्क, रुपयाचा दर, मालातील ओलावा आणि सरकारचे निर्णय मध्ये येतात. केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये १२ लाख टन सोयापेंड आयात करण्यास परवानगी दिली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सोयाबीनचे देशांतर्गत वायदे व्यवहार स्थगित केले. त्यामुळे पुढील महिन्यांचा देशी अंदाज देणारा फलकच उरला नाही आणि परदेशी आकड्याकडे पाहणे अधिकच भाग पडले.

शेतकऱ्यांना संगणकावर भाव दाखविण्याचा एक मोठा प्रयोग आयटीसी कंपनीने २००० मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशात ‘ई-चौपाल’ या नावाने सुरू केला होता. तोही सोयाबीनसाठीच होता. त्यातून भाव कळू लागला, हे खरे. पण भाव कळणे वेगळे आणि तो मिळेपर्यंत थांबता येणे वेगळे. दिवाळी तोंडावर, हरभऱ्याच्या बियाण्याची सोय व्हायची आणि कर्जाचा तगादा सुरू, अशा अवस्थेत मोबाइलवर भाव चढण्याची चिन्हे दिसूनही बहुतेकांना माल हर्रासात उभा करावाच लागतो. व्यापारी तोच आकडा पाहतो, पण त्याच्याजवळ गोदाम असते.

ही अडचण ओळखून राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९० पासून बाजार समित्यांमार्फत राबविली जाते. सोयाबीन समितीच्या गोदामात ठेवले, की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी सहा टक्के व्याजाने मिळते. माल विकेपर्यंत तो शेतकऱ्याच्याच नावावर राहतो. त्यासाठी सातबारा उतारा लागतो आणि माल वाळवून, स्वच्छ करून न्यावा लागतो. जवळच्या समितीत योजना सुरू आहे का आणि गोदामात जागा आहे का, याची चौकशी मात्र पीक काढणीला येण्यापूर्वीच करावी लागते.